शिखर दिसलं नाही म्हणजे थर सुटले, असं नाही

नायलॉनमध्ये चिकणमाती मिसळायची, क्ष-किरण विवर्तनाच्या (क्ष-किरण टाकून थरांची रचना ओळखण्याच्या तंत्राच्या) आलेखात मातीचं शिखर दिसलं नाही की ‘थर पूर्ण सुटले’, म्हणजे मातीचे थर एकेक होऊन नायलॉनमध्ये विखुरले, असं लिहून मोकळं व्हायचं. नॅनोकॉम्पोझिटच्या (प्लास्टिकमध्ये असे अतिसूक्ष्म कण मिसळून केलेल्या पदार्थांच्या) प्रयोगशाळांत ही समजूत वर्षानुवर्षं चालत आली आहे. ती चुकीची आहे.

मॉन्टमोरिलोनाइट या चिकणमातीतल्या खनिजाचा एक थर जेमतेम 1 नॅनोमीटर जाडीचा. थर समान अंतरावर रचलेले असतात म्हणून शिखर उमटतं. रचना विस्कटली पण गठ्ठे तसेच राहिले, तरी शिखर पसरट होऊन बुडतं. माती 2-3 टक्केच असेल, किंवा थरांमधलं अंतर वाढून शिखर यंत्राच्या कक्षेखालच्या कोनात सरकलं असेल, तरी तेच. म्हणून 100 नॅनोमीटरहून पातळ काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायलाच हवेत, आणि तेही अनेक जागांचे. एक सुंदर छायाचित्र साऱ्या नमुन्याची ग्वाही देत नाही.

टोयोटाच्या संशोधकांनी 1980च्या दशकात अमिनो आम्लाने माती फुगवून थरांमध्येच कॅप्रोलॅक्टमचं (ज्यापासून नायलॉन-6 बनतं त्या रसायनाचं) बहुलकीकरण केलं, म्हणजे त्याचे रेणू लांब साखळ्यांत जोडले. 5 टक्क्यांहून कमी मातीत नायलॉन-6चं उष्णता-विरूपण तापमान (ज्या तापमानाला भाराखाली पदार्थ वाकू लागतो ते) सुमारे 65 अंश सेल्सिअसवरून 140च्या पुढे गेलं. ती किमया खरोखर सुटलेल्या थरांची होती.