पार्श्वभूमी : लेन्स नसलेला कॅमेरा, कवडशापासून निळ्या कागदापर्यंत

मराठवाड्यात पत्र्याच्या घरात वाढलेल्या प्रत्येकानं हे पाहिलेलं असतं. पत्र्याला खिळ्याचं जुनं भोक असतं, दुपारी त्यातून ऊन आत येतं आणि सारवलेल्या जमिनीवर गोल कवडसा पडतो. भोक वेडंवाकडं असलं तरी कवडसा गोलच, कारण तो भोकाचा आकार नसतो, ते सूर्याचं चित्र असतं. भोक जमिनीपासून दहा फुटांवर असेल तर हे चित्र साधारण इंचभर रुंद भरतं; ऊन तिरपं झालं की लांबट होत भिंतीकडे सरकतं. खंडग्रास ग्रहणात हाच कवडसा कोरीसारखा होतो, आणि लिंबाच्या झाडाखाली तर अशा शेकडो कोरी एकदम हलताना दिसतात.

लेन्स काढून कॅमेऱ्यानं अमूर्त छायाचित्रं काढतो म्हटलं की लोकांना ते नवं खूळ वाटतं. मला ते अजिबात पटत नाही. ही वाट या कवडशापासून सुरू होते. लेन्स तिच्यात फार उशिरा आली.

बारीक भोकातून उलटी प्रतिमा पडते हे चीनमधल्या मोझी या तत्त्वज्ञाच्या परंपरेतल्या लिखाणात इसवी सनापूर्वीच आलं आहे. ॲरिस्टॉटलच्या नावानं चालत आलेल्या ग्रंथात ग्रहणात पानांच्या फटींतून पडणाऱ्या कोरींबद्दल प्रश्न विचारला आहे. अकराव्या शतकात इब्न अल-हैथम या अरब शास्त्रज्ञानं ग्रहणातल्या सूर्याची कोर भोकातून पाडून पाहिली आणि भोक मोठं केलं की तिचा आकार का हरवतो याचा हिशेब मांडला. १६०४ मध्ये केपलरनं या रचनेला ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’ हे नाव दिलं. त्याचा अर्थ अंधारी खोली. देवगिरीच्या किल्ल्यातल्या काळोख्या भुयाराला आपण ‘अंधारी’च म्हणतो, त्यामुळे हा शब्द मला कधी परका वाटला नाही.

भोकाची अडचण एकच. बारीक ठेवलं तर चित्र रेखीव पण मंद, मोठं केलं तर उजळ पण विरघळलेलं. सोळाव्या शतकात तिथे भिंग बसवलं गेलं आणि दोन्ही साधलं. मग पुढचा सगळा ध्यास रेखीवपणाचा. मराठवाड्यात कॅमेरा आला तोही त्याच कामासाठी: १८४४ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करणाऱ्या रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं पुढे कॅमेरा हाती घेतला, आणि त्यानं टिपलेली लेण्यांची छायाचित्रं १८६४ मध्ये पुस्तकरूपानं निघाली. ती नोंद होती, आणि नोंदीला लेन्स हवीच.

उलट दिशेचं पाऊल १८९० मध्ये पडलं. इंग्लंडमध्ये जॉर्ज डेव्हिसननं कांद्याच्या शेताचं छायाचित्र प्रदर्शनात मांडलं. ते लेन्सऐवजी बारीक भोकातून घेतलेलं होतं, आणि या मऊ चित्राला कला म्हणायचं का यावर मोठा वाद झाला.

दुसरी वाट कॅमेराही बाजूला ठेवणारी. १८४२ मध्ये जॉन हर्शेलनं सायनोटाइप शोधला: लोहाच्या क्षारांचा लेप दिलेला कागद उन्हात धरायचा, पाण्यात धुवायचा, की तो निळा होतो, जिथे वस्तूची सावली होती तिथे पांढरा राहतो. पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्सनं समुद्रशेवाळं अशा कागदावर ठेवून पुस्तक करायला घेतलं. तिला वनस्पतींची नोंद करायची होती, अमूर्त काही नाही. पहिल्या महायुद्धानंतर ख्रिस्तियन शाड, मॅन रे आणि मोहोली-नाज या कलावंतांनी मात्र चिठोरे, चमचे, काचा संवेदनशील कागदावर ठेवल्या आणि वस्तू ओळखू येण्याची अटच सोडून दिली. मला खरा उंबरठा हा वाटतो. प्रकाश वस्तू दाखवायला राबत होता. इथे तोच विषय झाला.

डिजिटल कॅमेऱ्याची लेन्स काढली की काय उरतं? मेन्यूत ‘लेन्सशिवाय शटर’ चालू करावं लागतं. सेन्सरच्या, म्हणजे आतल्या चित्र टिपणाऱ्या पट्टीच्या, प्रत्येक ठिपक्यावर आता चहूकडचा उजेड पडतो, म्हणून आकार मिसळून जातात. पण सगळंच पुसलं जात नाही. ज्या गोल तोंडात लेन्स बसते ते तोंड स्वतःच एक भलंमोठं भोक असतं, त्यामुळे कुठला उजेड कुठून आला याचा थोडा माग राहतो. अंगणात वाळत घातलेल्या हळदीसमोर असा कॅमेरा धरला तर वर निळसर, खाली हळदी, आणि मध्ये एक रंग दुसऱ्यात उतरताना दिसतो, रेघ कुठेच नाही. तोंडाशी हाताची मूठ करून ती हळूहळू आवळत गेलं की आकार परत जमायला लागतात. चाळणी धरली तर प्रत्येक छिद्राचं वेगळं चित्र एकमेकांवर चढतं. अमूर्त आणि ओळखीचं यांच्यातलं अंतर असं हातानं कमी-जास्त करता येतं, आणि या प्रयोगाचं सगळं सुख मला त्यातच वाटतं.

पिनहोल, म्हणजे सुईएवढं बारीक भोक, हवं असेल तर बॉडी कॅपला (लेन्सच्या जागी कॅमेऱ्याच्या तोंडावर बसणाऱ्या झाकणाला) मोठं भोक पाडून त्यावर थंडपेयाच्या डब्याचा पत्रा चिकटवतात. पत्र्याला सुईनं टोचायचं आणि मागची कड पॉलिश पेपरनं घासायची. सेन्सरपासून पाच सेंटिमीटरवर भोक असेल तर ०.३ मिलिमीटर व्यास बरा. माझ्या पहिल्याच चित्रात आभाळभर काळे ठिपके आले. मी पत्रा दोनदा बदलला, ठिपके तिथेच; ती सेन्सरवरची धूळ होती. भोक इतकं बारीक असलं की धुळीच्या कणाचीही ठळक सावली पडते.

२००१ पासून एप्रिलचा शेवटचा रविवार जगभर पिनहोल छायाचित्रणाचा दिवस म्हणून पाळला जातो. आपल्याकडे तेव्हा ऊन ऐन भरात असतं: आयएसओ १०० ला (सेन्सरची उजेड टिपण्याची क्षमता कमी ठेवून) साधारण एका सेकंदात चित्र येतं, आणि त्याच उन्हात लिंबाची डहाळी ठेवलेला निळा कागदही होऊन जातो. कॅप मात्र घरात बदलावी, दुपारचं वारं सुटायच्या आत, म्हणजे धूळ सेन्सरवर जात नाही.