मॅलॉक आणि कॅलॉक : ‘एक ब्लॉक, अनेक ब्लॉक’ हा फरक नव्हेच

सोलापुरात अभियांत्रिकीच्या तोंडी परीक्षेत सी भाषेतील मॅलॉक (malloc) आणि कॅलॉक (calloc) या मेमरीत जागा मागणाऱ्या दोन फंक्शनांतील फरक विचारला, की बरीच मुले एका दमात सांगतात : ‘मॅलॉक एकच ब्लॉक देते, कॅलॉक अनेक ब्लॉक देते.’ झेरॉक्सच्या दुकानांतून फिरणाऱ्या नोट्समध्येही हेच वाक्य पहिल्या क्रमांकावर असते. ते चुकीचे आहे, आणि त्याला गुण मिळतात याचे मला मनापासून वाईट वाटते.

मॅलॉक ठाऊक आहेच : हवे तेवढे बाइट सांगायचे, हीपमधली (प्रोग्राम चालू असताना मागता येणाऱ्या मेमरीतली) सलग जागा मिळाली तर तिचा पत्ता हाती येतो, नाही तर नल, म्हणजे रिकामा पत्ता, येते.

कॅलॉकला दोन आकडे द्यावे लागतात, घटक किती आणि एकेक घटक केवढा. ‘अनेक ब्लॉक’चा गैरसमज इथेच जन्मतो. आपल्याकडच्या मागावर टॉवेल कसे विणले जातात ते आठवावे. दोन-दोन हातांचे दहा टॉवेल सांगा किंवा वीस हात कापड सांगा, मागावरून उतरतो तो एकच अखंड पट्टा. तो कुठे कापायचा हे नंतर ठरते. त्याचप्रमाणे ४ बाइटच्या १० इंटसाठी (पूर्णांकांसाठी) कॅलॉक मागितले काय किंवा मॅलॉककडे ४० बाइट मागितले काय, दोन्हीकडे ४० बाइटची एकच सलग जागा मिळते. खरोखर दहा ब्लॉक असते, तर दहा पत्ते परत आले असते आणि दहा वेळा फ्री करावे, म्हणजे जागा परत द्यावी, लागले असते. प्रत्यक्षात पत्ता एकच येतो आणि फ्रीही एकदाच होते. सहाव्या घटकाचा पत्ता फ्रीला देणे ही चूकच ठरते, मग जागा मॅलॉकची असो वा कॅलॉकची.

खरे फरक दोन आहेत. कॅलॉक सगळे बाइट शून्य करून देते. मॅलॉकच्या जागेत काय असेल याची हमी नसते, आणि पहिल्या चाचणीत योगायोगाने शून्ये दिसली म्हणून त्या शून्यांवर विसंबू नये. दुसरा फरक गुणाकाराचा : मॅलॉकसाठी घटकांची संख्या गुणिले आकार हा हिशेब आपणच करून द्यायचा, कॅलॉक तो स्वतः करते. ३२ बिटांच्या यंत्रावर १,०७,३७,४१,८२५ गुणिले ४ हा गुणाकार मावत नाही आणि उत्तर ४ उरते. मॅलॉक निमूटपणे ४ बाइट देते, तर आजच्या प्रचलित लायब्ररींतले कॅलॉक ही गडबड ओळखून नल परत करते.

‘कॅलॉक नेहमी हळू’ हेही सरसकट खरे नाही, कारण लिनक्सवर मोठी जागा बहुधा कर्नलकडून (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडून) शून्य केलेलीच येते आणि ती पुन्हा पुसावी लागत नाही. म्हणून गणकांच्या (काउंटरच्या) किंवा स्ट्रक्चरच्या ॲरेसाठी मी कॅलॉकच वापरतो, आणि फाइलमधला मजकूर लगेच भरायचा असेल तेव्हा मॅलॉक. दोन्हींपुढे कास्ट (प्रकार बदलण्याची सूचना) मात्र लिहीत नाही. सी भाषेत वॉइड पॉइंटर, म्हणजे या दोन्हींकडून मिळणारा प्रकार न ठरलेला पत्ता, हव्या त्या प्रकारात आपोआप बदलतो.