एक्का हातात म्हणजे लो आपलाच? अजिबात नाही

हाय-लो ओमाहा (पोकरचा प्रकार, ज्यात पॉट म्हणजे डावात लागलेले पैसे सगळ्यात भारी हात ‘हाय’ आणि सगळ्यात लहान हात ‘लो’ यांच्यात अर्धे-अर्धे वाटले जातात) नवीन शिकणाऱ्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसलेली असते की ज्याच्याकडे सगळ्यात लहान पत्ता, म्हणजे एक्का, त्याचा लो जिंकणार. हे साफ चुकीचंय.

लो वाचायचा वरून खाली. लोच्या पाच पत्त्यांतला सर्वात मोठा पत्ता आधी बघायचा, तो दोघांचा सारखा निघाला तरच पुढचा, मग त्याच्या पुढचा, असं.

समजा बोर्डवर, म्हणजे टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेल्या पत्त्यांत, दुर्री, चव्वी, सत्ती, गुलाम, राजा आहेत. तुम्ही हातातली एक्का-अठ्ठी लावली, समोरच्याने तिर्री-पंजी. तुमचा लो झाला ८-७-४-२-एक्का आणि त्याचा ७-५-४-३-२, म्हणजे एक्का नसूनही अर्धा पॉट त्याचा, कारण सत्ती अठ्ठीपेक्षा लहान. सरळ आकडा म्हणून वाचा ना, ८७४२१ आणि ७५४३२, लहान आकडा जिंकला, विषय संपला.

बरं, हातातल्या चारपैकी बरोब्बर दोनच पत्ते आणि बोर्डवरचे तीन, पाचही वेगवेगळे आणि अठ्ठी किंवा त्याखालचे, नाहीतर लो होतच नाही. म्हणून याच बोर्डवर हातात एक्का-दुर्री आणि दोन राण्या असतील तर लो शून्य! दुर्रीची जोडी झाली ना. लोक इथे हमखास फसतात आणि वर डीलरशी वाद घालतात.

आणि हो, स्ट्रेट (ओळीने पाच पत्ते) किंवा फ्लश (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) झाल्याने लो बिघडत नाही, उलट एक्का ते पंजी हा सगळ्यात भारी लो, आणि हायसाठी तोच स्ट्रेट म्हणूनही चालतो.