पॅथोफिजिऑलॉजीची पार्श्वभूमी : पटकीतून उलगडलेली साखळी

बीएस्सी नर्सिंगच्या तिसऱ्या सत्रात 'अ‍ॅडल्ट हेल्थ नर्सिंग' सुरू होतं आणि पॅथोफिजिऑलॉजीशी गाठ पडते. भारतीय परिचर्या परिषदेचा जो सुधारित अभ्यासक्रम २०२१ साली राजपत्रात आला, त्यात ती या विषयाच्या नावातच जोडलेली आहे. पॅथॉलॉजीचा पेपर मात्र वेगळा. नव्या विद्यार्थ्यांचा गोंधळ इथेच सुरू होतो. रोगाने अवयवात, पेशीत काय बदल केले ते पॅथॉलॉजीत पाहायचं. जिवंत शरीराचं कोणतं काम बिघडलं आणि ते सावरायला शरीर काय काय करतंय, ते पॅथोफिजिऑलॉजीत. हा फरक पटकी, म्हणजे कॉलरा, या एकाच रोगाच्या इतिहासात जितका स्वच्छ दिसतो तितका क्वचितच दुसरीकडे दिसत असेल.

रोग म्हणजे शरीरातल्या चार द्रवांचा तोल जाणं, ही युरोपातली समजूत फार जुनी. पाडुआच्या मॉर्गान्यीने १७६१ साली शेकडो शवविच्छेदनांच्या आधारे रोगाची जागा अवयवात दाखवली. बर्लिनच्या फिर्शोने १८५८ साली ती पेशीत नेली. पण मेलेल्या शरीरात काम दिसत नाही, फक्त अवशेष दिसतात. ही उणीव भरून काढली ती पॅरिसच्या क्लोद बेर्नारने : पेशींभोवतीचा द्रव ठरावीक स्थितीत राहिला तरच शरीर चालतं, असं त्याचं म्हणणं. आतली स्थिती अशी स्थिर राखण्याला पुढे वॉल्टर कॅननने १९२६ मध्ये 'होमिओस्टॅसिस' हा शब्द आणला.

हे सगळं ग्रंथांत मुरायच्या आधीच एका बावीस वर्षांच्या आयरिश डॉक्टरने पटकीचं मूळ सूत्र पकडलं होतं. १८३१ च्या अखेरीस साथ इंग्लंडात पोचली, तेव्हा विल्यम ओ'शॉनेसीने रुग्णांचं रक्त तपासलं. त्यात पाणी आणि क्षार कमी झालेले होते, आणि तेच क्षार जुलाबात सापडत होते. मे १८३२ मध्ये स्कॉटलंडमधल्या लीथच्या थॉमस लाटा या डॉक्टरने या निष्कर्षावरून मरणपंथाला लागलेल्या एका वृद्धेच्या शिरेत अर्ध्या तासात सहा पाइंट क्षारपाणी सोडलं. खोल गेलेले डोळे वर आले, नाडी लागली. रुग्ण सावरली असं समजून लाटा तिला रुग्णालयाच्या डॉक्टरच्या हवाली करून गेला. जुलाब परत सुरू झाले, क्षारपाणी मात्र परत दिलं गेलं नाही, आणि काही तासांत ती गेली.

हा उपचार नंतर मागे पडला, त्याची कारणं विद्यार्थ्यांनी वहीत लिहून ठेवावीत. गेलेला द्रव भरला, पण चालू असलेला ऱ्हास कोणी मोजला नाही. द्रावण आजच्या ०.९ टक्के नॉर्मल सलाइनपेक्षा बरंच पातळ होतं, त्यामुळे तांबड्या पेशी फुटण्याचा धोका. निर्जंतुकीकरण नव्हतंच. शिवाय प्रयोग झाले ते जवळजवळ हाताबाहेर गेलेल्या रुग्णांवर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिओनार्ड रॉजर्सने कोलकात्यात तीव्र क्षारद्रावण वापरून मृत्यूंचं प्रमाण बरंच खाली आणलं. मधली सत्तरेक वर्षं एक बरोबर कल्पना जवळपास पडून राहिली.

दरम्यान रॉबर्ट कॉखने १८८४ मध्ये कोलकात्यातच स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू दाखवला. जंतू सापडला म्हणजे रोग कळला, असं वाटणं साहजिक होतं, पण तसं झालं नाही. शवविच्छेदनात आतड्याचं अस्तर सुटलेलं दिसायचं, म्हणून जंतू अस्तर सोलतो अशी समजूत कितीतरी दशकं टिकली. १९६० साली बँकॉकमधल्या जिवंत रुग्णांच्या बायॉप्सीचे, म्हणजे आतड्याचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचे, निष्कर्ष छापून आले : अस्तर शाबूत होतं. सुटलेलं दिसत होतं ते मृत्यूनंतरच्या कुजण्यामुळे. त्याच सुमारास, १९५९ मध्ये, कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी सशाच्या बांधलेल्या आतड्यात जंतूविरहित गाळीव द्रव सोडून दाखवलं की पाणी खेचून आणतं ते जंतूचं विष. या माणसाचं नाव आपल्या वर्गांत इतकं कमी का घेतलं जातं, हे कोडंच आहे.

आज साखळी अशी शिकवतात. विष पेशीला चिकटतं, आत शिरून जी-प्रोटीनचा (पेशीत संदेश पोचवणाऱ्या प्रथिनाचा) खटका चालू स्थितीत अडकवतं, पेशीत सायक्लिक एएमपी हा संदेशवाहक रेणू वाढतो, क्लोराइडचे मार्ग उघडे राहतात. क्लोराइडमागोमाग सोडियम, सोडियममागोमाग पाणी. जुलाबात बायकार्बोनेट (रक्तातली आम्लता आटोक्यात ठेवणारा क्षार) आणि पोटॅशियमही जातं. वॉर्डात दिसणारं प्रत्येक लक्षण यातल्या कुठल्या ना कुठल्या कडीचं असतं. पाणी गेलं की तहान लागते, नाडी जलद होते, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते. ही शरीराची सावरासावर. रक्तदाब उशिरा पडतो, म्हणून 'बीपी ठीक आहे' एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. खोल, जलद श्वास दिसला की नवी विद्यार्थिनी आधी छाती तपासते. इथे मात्र बायकार्बोनेट गेल्याने रक्त आम्लधर्मी झालेलं असतं आणि फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून ते भरून काढत असतात.

पोटॅशियमची कडी फसवी. आम्लता असताना ते पेशींतून रक्तात येतं, त्यामुळे पहिला रिपोर्ट नॉर्मल दिसू शकतो. आम्लता सुधारली की ते परत पेशींत जातं आणि रक्तातली पातळी घसरते : स्नायू ढिले पडतात, पोट फुगतं, हृदयाची लय बिघडते. उपचार सुरू झाल्यावर रुग्ण मलूल झाला तर हे आधी डोक्यात यायला हवं.

तीव्र निर्जलीकरणात जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीप्रमाणे वजनाच्या किलोमागे १०० मिली रिंगर लॅक्टेट (शिरेतून द्यायचं क्षारद्रावण) देतात. एक वर्षावरच्या रुग्णाला त्यातले ३० मिली अर्ध्या तासात, उरलेले ७० अडीच तासांत. ५० किलोच्या माणसाला म्हणजे अर्ध्या तासात १५०० मिली. मिलीला २० थेंब पडणाऱ्या सलाइनच्या सेटवर हे मिनिटाला १००० थेंब होतात. मोजायचा प्रश्नच नाही. १६ किंवा १८ गेजची, म्हणजे जाड, कॅन्युला (शिरेत घालायची नळी), क्लॅम्प पूर्ण उघडा, एका शिरेने भागत नसेल तर दुसरी. मनगटाची नाडी ठसठशीत लागेपर्यंत दर १५ ते ३० मिनिटांनी पाहायची, आणि जुलाब मोजून तितकं वरून भरत राहायचं. लीथमध्ये राहून गेलं ते हेच. वृद्ध, हृदयरोगी आणि कुपोषित मुलांना मात्र हा वेग झेपत नाही. फुप्फुसांत खरखर ऐकू आली किंवा पापण्या सुजल्या की लगेच कळवायचं.

शुद्धीवर असलेल्या रुग्णाला द्रव तोंडावाटे, ओआरएस (जलसंजीवनी) म्हणून देता येतो, तेही याच साखळीमुळे. १९६० मध्ये रॉबर्ट क्रेनने मांडलं की ग्लुकोज आतड्यातून सोडियमसोबत आत शिरतं. हा जोडमार्ग पटकीच्या विषाने बंद पडत नाही. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आलं तेव्हा दिलीप महालनबीस यांनी लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा हे द्रावण वापरलं. मृत्यूंचं प्रमाण सुमारे ३० वरून ३.६ टक्क्यांवर आलं.

ओआरएसचं २००२ पासूनचं सूत्र सौम्य आहे : लिटरमागे मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९. ग्लुकोज आणि सोडियम, दोन्हींचं प्रमाण लिटरमागे ७५ मिलीमोल (रेणूंच्या संख्येचं माप), म्हणजे सारखंच. चुका होतात त्या पाण्यात. बाजारात ओआरएसची एका लिटरची मोठी पुडी असते तशी २०० मिलीची लहानही असते. लहान पुडी लिटरभर पाण्यात गेली तर द्रावणात मीठ नावापुरतं उरतं. मोठी पुडी पेलाभर पाण्यात घातली तर आतडं उलट पाणी सोडतं आणि रक्तातलं सोडियम चढतं. चव यावी म्हणून वरून साखर घातली तरी जुलाब वाढतात. घरी पाठवताना पुडीवरचा आकडा नातेवाइकांकडून वाचून घ्यावा, त्यांच्याच भांड्यात पाणी मोजून दाखवावं, आणि २४ तासांनंतर उरलेलं टाकून द्यायला सांगावं.