अंडं काळं पडलं की कार्ड तयार

ट्रायकोकार्ड पहिल्यांदा हातात आलं की काचकागदाचा तुकडा असावा असंच वाटतं. पोस्टकार्डाएवढा जाड कागद आणि त्यावर डिंकाने चिकटवलेली, खसखशीहून बारीक अशी सुमारे २० हजार अंडी. भिंग धरलं की बहुतेक अंडी काळी कुळकुळीत दिसतात, मधेच एखादं पिवळट राहिलेलं असतं. प्रत्येक काळ्या अंड्यात गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातला ट्रायकोग्रामा हा परोपजीवी कीटक वाढतोय. पूर्ण वाढला तरी तो जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. उसाच्या खोडकिडीच्या पतंगाने पानावर घातलेली अंडी शोधून त्यांत स्वतःची अंडी घालायची, हे त्याच्या मादीचं काम. मग त्या अंड्यातून खोडकिडीची अळी बाहेर येतच नाही.

हा मित्रकीटक विकणारे छोटे उद्योग आपल्याकडे आहेत, आणि आणखी उभे राहावेत असं मला मनापासून वाटतं. पण त्यात पडणाऱ्याने एक गोष्ट आधी समजून घ्यायला हवी. ट्रायकोग्रामा विकायचा तर रोजचा बहुतेक वेळ जातो तो भलताच एक पतंग पाळण्यात.

त्या पतंगाचं नाव कॉर्सिरा. कार्डावर चिकटवतात ती अंडी याचीच. जुन्या रव्यात, तांदळात जाळी धरून गुठळ्या करणारी अळी प्रत्येक स्वयंपाकघराने पाहिलेली असते, ती याचीच. लाकडी पेटीत अडीच किलो ज्वारीची भरड घेतात. ती आधी तापवून निर्जंतुक करतात, थोडा शेंगदाण्याचा कूट घालतात आणि वर कॉर्सिराची अंडी भुरभुरतात. पेटीला कापड बांधलं की साधारण ४० दिवस थांबायचं. मग रोज सकाळी पतंग गोळा करायचे, जाळीच्या पिंपात सोडायचे आणि खाली पडलेली अंडी चाळून घ्यायची. पतंगांच्या पंखांची धूळ हवेत इतकी उडते की वर्षानुवर्षं या खोलीत काम करणाऱ्यांना श्वासाचा त्रास जडू शकतो. त्यामुळे खर्चाचा हिशेब मांडताना मास्क आणि हवा खेचणारा पंखा पहिल्या ओळीत यायला हवेत.

चाळलेली अंडी कार्डावर चिकटवून अतिनील दिव्याखाली ठेवतात. आतला गर्भ मरतो, पण अंडं ताजं राहतं. हे टाळून चालत नाही, कारण एक जरी कॉर्सिराची अळी बाहेर पडली तरी ती शेजारची अंडी खात सुटते, ट्रायकोग्रामा असलेलीसुद्धा. यानंतर अशा सहा कार्डांमागे एक तयार कार्ड पिशवीत ठेवायचं. त्यातून निघालेल्या माद्या नव्या अंड्यांत अंडी घालतात. चौथ्या दिवसाच्या सुमारास अंडी काळी पडतात, कारण आत पोसलेली ट्रायकोग्रामाची अळी कवचाला आतून काळ्या कणांचं अस्तर लावते. तयार मालावरचा शिक्का किडाच मारून देतो, असं म्हणायला हरकत नाही.

इथून घड्याळ सुरू होतं. खोलीच्या तापमानाला आणखी तीन-चार दिवसांत कीटक बाहेर पडणार. १० अंश सेल्सिअसच्या आसपास थंडीत ठेवून दोन-तीन आठवडे काढता येतात, पण जितकं लांबवाल तितके कमी आणि अशक्त कीटक निघतात. पाऊस लांबला, गिऱ्हाईक फिरलं, तरी हा माल गोदामात पडून राहू शकत नाही. मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात खोडकिडीचे पतंग दिसू लागले की शेतकऱ्याला कार्ड लगेच हवं असतं. त्या आठवड्यात ते द्यायचं, तर दीड-दोन महिने आधी ज्वारीच्या पेट्या भरलेल्या असाव्या लागतात. धंद्याचं खरं कसब या अंदाजात आहे.

कॉर्सिराच्या पेट्यांवर डल्ला मारणारा एक चोर आहे: ब्रॅकॉन. हासुद्धा परोपजीवीच. अळीला डंख मारून लुळी करतो आणि तिच्यावर अंडी घालतो. नारळाची पानं खाणाऱ्या काळ्या डोक्याच्या अळीवर हाच ब्रॅकॉन मुद्दाम सोडतात. माडाच्या बागेतला हा मित्र पेट्यांच्या खोलीत शिरला तर थोड्याच दिवसांत अळ्यांची वाट लावतो. म्हणून खिडक्यांना बारीक जाळी, दोन दारं आणि ट्रायकोग्रामाची खोली पतंगांच्या खोलीपासून लांब.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. या कीटकांत फलन न झालेल्या अंड्यातून नर होतो, फलन झालेल्यातून मादी. शेतात उपयोग फक्त मादीचा. पिढ्यान्‌पिढ्या बंद खोलीत कॉर्सिरावरच वाढवत राहिलं, तर माद्या कमी होऊ शकतात, कीटक मंदावतात, रानातली अंडी शोधण्यात कमी पडतात. शेतातून ताजं वाण आणून मिसळत राहण्याचं काम कंटाळवाणं आहे. ज्याला ते चुकवावंसं वाटतं, त्याने या धंद्यात पडू नये.

उसाला साधारण हेक्टरी ५० हजार अंडी, म्हणजे एकराला एक कार्ड, दर दहा दिवसांनी लावतात. कार्डाच्या पट्ट्या कापून संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूला टाचायच्या, शेतभर विखरून, कारण हा इवलासा जीव फार लांब उडत नाही. मुंग्या लागल्या तर अंडी रातोरात संपतात. आणि त्या दिवसांत रासायनिक फवारणी केली तर कार्डाचे पैसे पाण्यात.

विकताना सर्वांत अवघड जातं ते दाखवणं. फवारणीनंतर मेलेली अळी दिसते, शेतकऱ्याला समाधान वाटतं. इथे अळी जन्मालाच येत नाही, मग दाखवायचं काय? वाळलेले पोंगे, म्हणजे खोडकिडीने पोखरल्यामुळे सुकलेले मधले कोंब, मोजून दाखवायचे. कार्ड लावलेल्या आणि न लावलेल्या सरींतले शंभर-शंभर कोंब शेतकऱ्यासोबत बसून मोजायचे.

सूक्ष्मजीवांवर आधारलेल्या कीडनाशकांना कायद्याने नोंदणी लागते, या कीटकांना लागत नाही. तेव्हा पारख घेणाऱ्यानेच करायची. कार्डावर कीटक निघण्याची तारीख नसेल तर ते घेऊच नये. असेल तर नखाएवढा तुकडा कापून काचेच्या बाटलीत टाकावा, तोंडाला कापूस लावावा आणि सावलीत ठेवावा. तारखेच्या सकाळी बाटलीच्या उजेडाकडच्या बाजूला बारीक धूळ बसल्यासारखी दिसते, आणि नीट पाहिलं तर ती धूळ चालत असते. मग भिंग घेऊन तुकड्यावरची काळी अंडी पाहायची. जिथून कीटक निघाला तिथे गोल भोक असतं. शंभरात किती भोकं, ते मोजायचं आणि पुढचं कार्ड त्याच विक्रेत्याकडून घ्यायचं का ते ठरवायचं.