नव्व्याण्णव पोशन कशासाठी? पहिल्या ‘फायनल फॅन्टसी’तल्या सल्ल्यांची पार्श्वभूमी

‘फायनल फॅन्टसी’ या व्हिडिओ गेमचा पहिला भाग खेळायला घेतला की जुने खेळाडू काही ठरलेल्या गोष्टी सांगतात. पोशन, म्हणजे जखमा भरणारं औषध, भरपूर घ्या, जमलं तर 99. सगळे मिळून एकाच राक्षसावर तुटून पडू नका. काही स्पेलकडे, म्हणजे जादूच्या मंत्रांकडे, ढुंकूनही बघू नका. ब्लॅक बेल्ट या मुष्टियोद्ध्याच्या हातातलं शस्त्र थोड्या लेव्हलनंतर काढून टाका. कारण मात्र क्वचितच कुणी सांगतं. यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला 1987 सालच्या एखाद्या निर्णयातून किंवा तेव्हा कोडमध्ये राहून गेलेल्या चुकीतून आला आहे. त्यामुळे तुमच्याकडे कुठली आवृत्ती आहे त्यावर हे सल्ले लागू पडतात, निरुपयोगी होतात किंवा चक्क उलटे पडतात.

हा गेम स्क्वेअर कंपनीने 18 डिसेंबर 1987 रोजी जपानमध्ये निन्टेंडोच्या फॅमिकॉम या कन्सोलवर आणला. दीड वर्ष आधी, मे 1986 मध्ये, ‘ड्रॅगन क्वेस्ट’ने कन्सोलवरही आरपीजी, म्हणजे पात्रं वाढवत खेळायचा साहसी गेम, चालतो हे सिद्ध केलं होतं. हिरोनोबू साकागुची यांच्या छोट्या टीमने त्याच वाटेवर पाऊल टाकलं, पण नक्कल केली नाही. लढाईची रचना होती अकितोशी कावाझू यांची, आणि त्यांच्यावर टेबलावर खेळल्या जाणाऱ्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा पगडा होता. प्रोग्रॅमिंग नासिर गेबेल्ली यांचं. अ‍ॅपल टू संगणकावरच्या वेगवान गेम्ससाठी ते आधीच ओळखले जात. चित्रं योशिताका अमानो यांची, संगीत नोबुओ उएमात्सू यांचं.

‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये हरलात तर राजासमोर परत उभे राहता. निम्मं सोनं जातं, पण मिळवलेला अनुभव शाबूत राहतो. ‘फायनल फॅन्टसी’त पार्टी, म्हणजे आपली चार पात्रं, संपली की शेवटच्या सेव्हपासून सुरुवात, मधलं सगळं पाण्यात. शिवाय सेव्हची जागा एकच. सेव्ह होतं ते फक्त गावातल्या इनमध्ये किंवा बाहेरच्या नकाशावर टेंट, कॅबिन किंवा हाउस वापरून. गुहेत शिरल्यावर बाहेर येईपर्यंत काहीही नोंदलं जात नाही. पोशनच्या ढिगामागचं पहिलं कारण हे.

दुसरं कारण जादूच्या हिशेबात आहे. या गेममध्ये एमपीचा, म्हणजे जादूसाठी खर्च होणाऱ्या गुणांचा, साठा नाही. स्पेलचे आठ स्तर आहेत, प्रत्येक स्तरात चार पांढरे आणि चार काळे, एकूण 64. एका पात्राला एका स्तरातले तीनच शिकता येतात आणि प्रत्येक स्तराला ठरावीक वेळाच वापरता येतात. सुरुवातीला पहिल्या स्तराचे दोन, पुढे वाढत जास्तीत जास्त नऊ. ही पद्धत सरळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधून आली आहे. तिथे एक मोहीम म्हणजे मोजक्या लढाया, त्यामुळे दोन-चार स्पेलमध्ये भागतं. इथे मात्र एका गुहेत डझनभर लढाया आरामात होतात. जखमा भरणारा क्युअर दोनदा म्हटला की व्हाइट मेज, म्हणजे पांढरी जादू करणारा, हातोडी घेऊन उभा. स्पेल पुन्हा भरून देणारं औषध मूळ गेममध्ये नाहीच. मग भरपाई करायची कशाने? 60 नाण्यांच्या हील पोशनने. लढाईबाहेर तो 30 हिट पॉइंट, म्हणजे पात्राचा जीव, भरतो. एका वेळी जास्तीत जास्त 99 बाळगता येतात, म्हणजे 5,940 नाणी. मूळ कार्ट्रिजवर ते एकेक करूनच विकत घ्यावे लागतात, दर वेळी होकार देत. अंगठा दुखतो, पण त्याला इलाज नाही.

सुरुवातीच्या 400 नाण्यांचं गणितही पक्कं बसवून ठेवलेलं आहे. फायटर, ब्लॅक बेल्ट, व्हाइट मेज आणि ब्लॅक मेज अशी पार्टी धरली तर कोनेरिया या पहिल्या गावात खरेदी अशी होते. फायटरला 10 ची रेपियर आणि 80 चं चेन आर्मर. ब्लॅक बेल्टला 10 चा लाकडी नानचाकू आणि 50 चं लाकडी चिलखत. व्हाइट मेजला 10 ची हातोडी, 10 चे कपडे आणि 100 चा क्युअर. ब्लॅक मेजला 5 चा सुरा, 10 चे कपडे आणि 100 चा फायर. एकूण 385. उरलेल्या 15 नाण्यांत इनमधली एक रात्रही मिळत नाही, कारण ती 30 ला. म्हणून पहिल्या लढाया गावाच्या भिंतीला लागूनच करायच्या. एक इम्प, म्हणजे सुरुवातीचा साधा राक्षस, सहा नाणी देतो, पाच इम्प मारले की रात्रीची सोय झाली. इथे नवखे हमखास एक चूक करतात: विकत घेतलेलं शस्त्र आणि चिलखत मेन्यूत जाऊन अंगावर चढवतच नाहीत. नुसतं विकत घेऊन ते आपोआप चढत नाही.

पार्टीतल्या पात्रांच्या क्रमाचंही असंच. शत्रूचे निम्मे वार पहिल्या जागेवरच्या पात्रावर पडतात, पाव वार दुसऱ्यावर, आणि तिसऱ्या-चौथ्यावर प्रत्येकी एक अष्टमांश. गेम हे कुठेच सांगत नाही. व्हाइट मेज 28 हिट पॉइंटवर सुरू होतो, ब्लॅक मेज 25 वर. त्यांना वर ठेवलंत तर पहिल्याच गुहेत मेलेल्यांना उठवणाऱ्या क्लिनिकचा रस्ता पाठ होतो. पोशन सर्वांत जास्त कोण पिणार हेही याच आकड्यांवरून कळतं, आणि म्हणून चांगलं चिलखत आधी पहिल्या जागेला.

आता ‘इनइफेक्टिव्ह’. हुकूम देताना प्रत्येक पात्राचं लक्ष्य आधी ठरवायचं आणि मग फेरी सुरू होते. मधेच तो शत्रू दुसऱ्या कुणाच्या हातून मेला, तर मागून येणारा वार रिकाम्या जागेवर पडतो आणि पडद्यावर हा शब्द उमटतो. कोणाची पाळी आधी येईल हे नशिबावर असतं, त्यामुळे ‘फायटर आधी मारेल, मग दुसरा’ असा हिशेब चालत नाही. करायचं असं: समोर पाच इम्प आहेत, प्रत्येकी आठ हिट पॉइंटचे. फायटर पहिल्यावर, ब्लॅक बेल्ट दुसऱ्यावर, कारण दोघंही बहुधा एका वारात एक संपवतात. दोन्ही मेज मिळून तिसऱ्यावर, कारण त्यांच्यातला एक चुकण्याचीच शक्यता जास्त. थोडक्यात, शत्रूचे हिट पॉइंट आणि आपल्या वाराची ताकद यांचा अंदाज डोक्यात ठेवायचा. पुढे गारलंडसारखा 106 हिट पॉइंटचा एकटा बॉस आला की हा प्रश्नच उरत नाही, तिथे सगळ्यांनी एकत्र तुटून पडायचं.

बग्सचा भाग सर्वांत गमतीचा, आणि सल्ल्यांचा सर्वांत मोठा साठाही तिथेच. खेळाडूंनी पुढे कार्ट्रिजमधला कोड उलगडून पाहिला, तेव्हा अनेकांचे जुने संशय खरे निघाले. इंटेलिजन्स हा गुण स्पेलच्या ताकदीत मोजलाच जात नाही. रेड मेजचा फायर आणि ब्लॅक मेजचा फायर सारखाच लागतो. लाल अंगरख्यातला हा गडी तलवार चालवतो, चिलखत घालतो, दोन्ही रंगांची जादू म्हणतो आणि त्यापायी जादूची ताकदही गमावत नाही. सुरुवातीच्या निम्म्या गेममध्ये तो इतका वरचढ का, याचं एक मोठं कारण ही चूक. लॉक शत्रूची चुकवण्याची क्षमता कमी करायला होता, तो काही करत नाही. टेम्पर आणि सेबर हल्ल्याची ताकद वाढवायला होते, तेही फुसके. पडद्यावर चारच अक्षरांची जागा, म्हणून टेम्परचं ‘टीएमपीआर’ झालं. नाव वाचूनही स्पेल काय करतो ते कळत नाही आणि विकत घेऊन म्हटला तरी कळत नाही, असा दुहेरी घोळ.

शस्त्रांचंही तसंच. ड्रॅगन किंवा वेअर या तलवारी ठरावीक जातीच्या राक्षसांवर जास्त लागाव्यात, असं ठरलं होतं. ती तपासणी चालतच नाही. क्रिटिकल, म्हणजे एरवीपेक्षा जबर लागणाऱ्या, वाराचं प्रमाण शस्त्राच्या स्वतःच्या आकड्यावरून घ्यायच्या ऐवजी यादीतल्या त्याच्या क्रमांकावरून घेतलं जातं. परिणाम असा की यादीत जितकं खाली, तितके क्रिटिकल जास्त. नवख्याला त्याचा फायदाच होतो: नवं आणि महाग शस्त्र बहुतेक वेळा खरंच चांगलं ठरतं, बारकावे पाहायची गरज नाही.

ब्लॅक बेल्टचा सल्ला मात्र चुकीतून आलेला नाही, ती योजनाच आहे. मोकळ्या हातांनी त्याची ताकद लेव्हलच्या दुप्पट मोजली जाते आणि वारांची संख्याही दुप्पट होते. चिलखत न घालता त्याचा बचाव लेव्हलइतका असतो. पहिल्या लेव्हलला दोनच ताकद, म्हणून तेव्हा नानचाकू हवा. आठ-दहाच्या आसपास तो फेकून द्यायचा, मग पुढे त्याच्यावर एक नाणंही खर्च होत नाही. एक खोट आहे: चिलखत अंगावर असताना लेव्हल वाढली की गेम त्याचा बचाव उघड्या अंगाचा धरून बसतो. चिलखताचा मेन्यू एकदा उघडून बंद केला की आकडा जागेवर येतो.

कार्ट्रिजमध्ये जागेची इतकी मारामार असूनही गेबेल्ली यांनी जहाजावर सरकत्या चौकटींचं कोडं लपवून ठेवलं, ‘ए’ बटण दाबून धरून ‘बी’ 55 वेळा दाबलं की उघडतं. इंटेलिजन्सच्या हिशेबाला वेळ मिळाला नाही, कोड्याला मिळाला!

आणखी एक प्रसिद्ध जागा म्हणजे प्रावोका गावाच्या ईशान्येला असलेलं चिंचोळं टोक. खेळाडू त्याला ‘पेनिन्सुला ऑफ पॉवर’ म्हणतात. बाहेरचा नकाशा 256 गुणिले 256 चौकटींचा, आणि राक्षस कुठले येणार हे ठरवायला त्याचे 32 गुणिले 32 चे 64 तुकडे पाडलेले. तुकड्यांच्या रेषा सरळ आहेत, किनारे वाकडे. त्यामुळे त्या टोकाची काही पावलं वरच्या तुकड्यात जातात आणि तिथे खूप पुढच्या भागातले ट्रोल आणि जायंट येतात. एका लढाईत दहा इम्प-लढायांहूनही जास्त अनुभव. जायचं तर आधी अलीकडे टेंट लावून सेव्ह करा. हरलात तर 75 नाण्यांचा टेंट गेला, बाकी काही नाही. लेव्हल अगदीच कमी असताना गेलात तर मात्र एक-दोन वारांत माणूस आडवा होतो.

खरी कसोटी लागते मार्श केव्ह या गुहेत. तिथून क्राउन, म्हणजे मुकुट, आणायचा असतो. एल्फलँड गावाच्या दुकानात 4,000 नाण्यांची सिल्व्हर तलवार चकाकत असते आणि बहुतेक नवखे तिच्यासाठी सगळं गाठोडं रिकामं करून गुहेत उतरतात. आत विष देणारे जीव. विष चढलं की चालताना पावलागणिक एक हिट पॉइंट गळतो. क्राउनची पेटी विझर्ड नावाच्या राक्षसांच्या टोळीच्या पहाऱ्यात, आणि क्राउन घेतल्यावर तेवढंच अंतर पायी परत. एक मजला मागे नेणारा वॉर्प आणि गुहेतून थेट बाहेर काढणारा एक्झिट हे स्पेल पाचव्या-सहाव्या स्तरातले, तेव्हा हातात नसतातच. म्हणून आधी 40 हील पोशन, म्हणजे 2,400 नाणी, आणि विषावरची 10 प्युअर औषधं, म्हणजे 750. तलवार त्यानंतर. ब्लॅक मेज असेल तर एल्फलँडलाच मिळणारा चौथ्या स्तराचा फास्ट हीच खरी गुंतवणूक: फायटरचे वार दुप्पट होतात, आणि हा स्पेल खरोखर चालतो. क्राउन दिल्यावर अ‍ॅस्टोस हा बॉस लढाईच्या सुरुवातीलाच रब हा जीवघेणा स्पेल म्हणतो आणि एकजण जागच्या जागी मरू शकतो. उठवणारा लाइफ स्पेल तोवर विकत मिळत नाही, त्यामुळे मेलेल्याला गावापर्यंत ओढत न्यायची तयारी ठेवा. त्या लढाईचा अनुभवही त्याला मिळत नाही, तो जिवंत असलेल्यांतच वाटला जातो.

अमेरिकेत हा गेम 1990 मध्ये निन्टेंडोने एनईएसवर, म्हणजे फॅमिकॉमच्या तिथल्या रूपावर, आणला. खोक्यात जाड पुस्तिका आणि नकाशे होते, आणि ‘निन्टेंडो पॉवर’ मासिकाने आपला एक संपूर्ण अंक त्याच्या मार्गदर्शनाला दिला. काही चित्रं बदलली, चर्चचे क्रूस गेले, पण बग तसेच आले. 2000 सालच्या वंडरस्वान कलर या हातात धरायच्या कन्सोलवरच्या आवृत्तीपासून दुरुस्त्या सुरू झाल्या. 2004 च्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्स आवृत्तीने स्पेलच्या वेळा काढून एमपी आणला, कुठेही सेव्ह करायची मुभा दिली, मेलेला शत्रू सोडून वार आपोआप दुसऱ्याकडे वळवला. 2021 च्या पिक्सेल रीमास्टरने वेळांची जुनी पद्धत परत आणली, पण ‘इनइफेक्टिव्ह’ आणि फसलेले स्पेल परत आणले नाहीत.

त्यामुळे जुना सल्ला नव्या आवृत्तीत आंधळेपणाने वापरला तर नुकसान होतं. टेम्पर टाळा, हे एनईएसवर बरोबर. दुरुस्त आवृत्त्यांत मात्र टेम्पर आणि फास्ट एकाच फायटरवर टाकले की मोठमोठे बॉस दोन-तीन फेऱ्यांत आडवे होतात. रेड मेजची जादूही तिथे ब्लॅक मेजच्या मागे पडते, कारण इंटेलिजन्स आता मोजला जातो.

मूळ कार्ट्रिजवरच खेळत असाल तर हाउसबद्दल एक खबरदारी. 3,000 नाण्यांचं हाउस हिट पॉइंट भरतं, गेम सेव्ह करतं आणि स्पेलच्या वेळाही परत देतं, पण सेव्ह आधी होतं आणि स्पेल नंतर भरतात. पुढच्या गुहेत मेलात की परत येताना हिट पॉइंट आहेत, जादू नाही. हाउसनंतर लगेच एक टेंट लावा, म्हणजे भरलेल्या स्पेलसकट नोंद होते.