छळ कशाला म्हणायचं आणि केल्याची फळं कशाला

मागच्या नाताळच्या आधीची गोष्ट. आमच्या घरी दर शुक्रवारी कॉटेज मीटिंग, म्हणजे घरगुती प्रार्थनासभा असते, वीस-पंचवीस माणसं येतात, ढोलकी, टाळ, एक छोटा स्पीकर, आणि एकदा का ना. वा. टिळकांची भजनं सुरू झाली की घड्याळाकडे कोण बघतंय. तर खालच्या मजल्यावरच्या काकांनी सोसायटीच्या ऑफिसात लेखी तक्रार दिली. मी रविवारी चर्चमध्ये साक्षीच्या वेळी, म्हणजे विश्वासाचे अनुभव सांगतात तेव्हा, तडक उभी राहिले, म्हटलं आमच्या प्रार्थनेला विरोध होतोय, छळ सुरू झालाय, मंडळीने आमच्यासाठी प्रार्थना करावी. मंडळी आमेन म्हणाली, दोन-तीन मावश्यांनी नंतर हात हातात घेऊन धीर दिला, मला अगदी भरून आलं.

घरी आल्यावर सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. मान वर न करता विचारलं, "शुक्रवारी मीटिंग किती वाजता संपली गं?"

"पावणेअकरा झाले असतील."

"स्पीकर चालू होता ना शेवटपर्यंत? आणि काकांच्या गाडीच्या मागे आडवी बाईक कोणाची लावलेली?"

बाईक माझ्याच भावाची होती. काकांना सकाळी पाच वाजता डायलिसिसला जायचं होतं, बाईक हलवायला त्यांनी रात्री तीनदा बेल वाजवली होती म्हणे, ढोलकीत कोणाला ऐकूच आली नाही.

"मग ह्यात येशूचं नाव कुठं आलं?" एवढं बोलून सासूबाई मेथीची जुडी घेऊन आत गेल्या.

तेव्हापासून हा विषय डोक्यात बसलाय. दोन गोष्टी आपण सर्रास एकात एक मिसळतो, एक म्हणजे ख्रिस्ताच्या नावामुळे सोसावं लागणं, आणि दुसरी म्हणजे आपण ख्रिस्ती आहोत आणि आपल्याला काहीतरी सोसावं लागतंय. ऐकायला सारखंच वाटतं. पण दुसरीचं कारण काहीही असू शकतं, आपला स्वभाव, आपला आवाज, आपली बाईक.

ह्यावर सगळ्यात रोखठोक कोण बोललं असेल तर येशूचा शिष्य पेत्र. नव्या करारातलं त्याचं पहिलं पत्र काढा, चौथा अध्याय, पंधरा आणि सोळा ओव्या. आपण सोळावी पाठ करतो, ख्रिस्ती म्हणून सोसावं लागलं तर लाज वाटू देऊ नका. आणि पंधरावी सोडून देतो, जिथे तो म्हणतो की तुमच्यातल्या कोणावरही खुनी, चोर, दुष्कर्मी किंवा लोकांच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून सोसायची पाळी येऊ नये. खुनी, चोर इथपर्यंत आपण निवांत वाचतो, आपला संबंधच नाही. पण चौथा शब्द बघा. मूळ ग्रीकमध्ये तो आहे अलोट्रिएपिस्कोपोस, अख्ख्या नव्या करारात फक्त इथेच येतो. अलोट्रिओस म्हणजे दुसऱ्याचं, आणि एपिस्कोपोस म्हणजे देखरेख करणारा, ज्यावरून पुढे बिशप हा शब्द आला. म्हणजे दुसऱ्याच्या घरात जाऊन बिशपगिरी करणारा! शेजारीण काय नेसते, कोणाच्या घरी कुठल्या पूजेला काय केलं, ह्यावर न विचारता प्रवचन देणारे आपल्यात कमी आहेत का? आणि मग तिने दार बंद केलं की आपण म्हणतो सुवार्तेला विरोध झाला. पेत्राने असल्या माणसाला खुनी आणि चोर ह्यांच्याच ओळीत बसवलंय, हे मला तरी बऱ्यापैकी झोंबलं.

त्याच पत्रात दुसऱ्या अध्यायात तो घरगड्यांना, म्हणजे खरंतर गुलामांनाच, सांगतो की चूक करून मार खाल्ला आणि तो निमूट सोसला तर त्यात कसली आलीय फुशारकी. आणि डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू येशू म्हणतो की माझ्यामुळे लोक तुमची निंदा करतील, तुमच्याविरुद्ध खोटंनाटं बोलतील तेव्हा तुम्ही धन्य. ह्यात दोन अटी आहेत, माझ्यामुळे आणि खोटं. काकांच्या तक्रार अर्जात लिहिलं होतं की रात्री दहानंतर स्पीकर वाजतो आणि गाडी अडवली जाते. ते खोटं नव्हतं. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला बंदी असते हे गणपतीच्या वेळी आपणच दुसऱ्यांना सांगत असतो.

आता खरा छळ कसा दिसतो ते बघू. पेत्राचं पत्र ज्या भागांना लिहिलंय त्यात पंत आणि बिथुनिया ही नावं आहेत, आजच्या तुर्कस्तानचा उत्तरेकडचा पट्टा. त्याच भागात इ.स. ११२ च्या आसपास प्लिनी नावाचा रोमन गव्हर्नर होता, त्याने सम्राट त्राजानला पाठवलेलं पत्र आजही उपलब्ध आहे. त्यात तो सरळ विचारतो की शिक्षा नुसत्या ख्रिस्ती ह्या नावाला द्यायची, की त्या नावाशी जोडलेल्या गुन्ह्यांना? म्हणजे पेत्राच्या दोन ओव्यांमध्ये जो फरक आहे तोच प्रश्न ह्या परक्या अधिकाऱ्यालाही पडला होता. त्याची पद्धत अशी की माणसाला तीनदा विचारायचं, तू ख्रिस्ती आहेस का, शिक्षेची भीती घालायची, आणि तरी हो म्हणाला तर मृत्युदंड. रोमन नागरिक असेल तर रोमला रवानगी. जे नाही म्हणत त्यांनी सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप आणि द्राक्षारस वाहायचा, ख्रिस्ताला शाप द्यायचा, मग सुटका.

आणि चौकशीत गुन्हा काय सापडला? ठरलेल्या दिवशी पहाटेच्या आधी जमायचे, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने गीत गायचे, आणि शपथ घ्यायचे की चोरी करणार नाही, लूट करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, कोणी ठेव ठेवली असेल तर मागितल्यावर नाही म्हणणार नाही. खात्री करायला प्लिनीने दोन दासींचे हाल केले, ज्यांना मंडळीत सेविका म्हणत, तरी त्याला विकृत अंधश्रद्धेपलीकडे काही मिळालं नाही. ह्याला म्हणतात नावामुळे सोसणं. वही पूर्ण तपासली, हिशोब चोख निघाला, आणि तरी शिक्षा झाली. आमची वही तपासली असती तर पहिल्याच पानावर बाईक.

बरं, त्या काळच्या मंडळ्यासुद्धा भावनेच्या भरात प्रत्येक मेलेल्याला हुतात्मा म्हणत नव्हत्या. स्मुर्णा इथला बिशप पॉलिकार्प, त्याच्या हौतात्म्याचा जो वृत्तांत आहे त्यात क्विंटस नावाचा एक जण येतो, हा स्वतःहून पुढे गेला, दुसऱ्यांनाही पुढे ढकललं, आणि समोर हिंस्र जनावरं दिसल्यावर घाबरून रोमन देवांना बळी वाहून मोकळा झाला. वृत्तांत लिहिणारे स्पष्ट सांगतात की असं आपणहून जाऊन उभं राहणं आम्हाला मान्य नाही. म्हातारा पॉलिकार्प मात्र लोकांच्या आग्रहाखातर आधी गावाबाहेर जाऊन राहिला, पकडायला आले तेव्हा त्यांना जेवू घातलं, मग गेला. पुढे चौथ्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनमध्ये एल्विरा इथे धर्मसभा भरली, तिच्या साठाव्या नियमात आहे की कोणी मूर्ती फोडली आणि तिथेच मारला गेला तर त्याचं नाव हुतात्म्यांच्या यादीत घालायचं नाही, कारण शुभवर्तमानात असं करायला कुठे सांगितलेलं नाही. छळाच्या आसपासचाच तो काळ! तरी त्यांनी हा भेद ठेवला. आज व्हॉट्सॲपवर कोणी उगाच दुसऱ्याच्या देवाला नावं ठेवून शिव्या खातो आणि मग त्याचा स्क्रीनशॉट साक्ष म्हणून फिरवतो, त्याचं ह्या लोकांनी काय केलं असतं कोण जाणे.

पण नेहमी इतकं सरळ नसतं. पंडिता रमाबाईंचं उदाहरण घ्या, ह्यात दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतल्यात. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, ते पुढच्या वर्षी पुण्यात आलं, मुख्यतः उच्चवर्णीय विधवा मुलींसाठी, आणि धर्माच्या बाबतीत शाळा तटस्थ राहील ह्या बोलीवर. न्यायमूर्ती रानडे, भांडारकर असे लोक सल्लागार म्हणून पाठीशी होते. रमाबाई स्वतः प्रार्थना करायच्या तेव्हा खोलीचं दार उघडं असायचं, काही मुली आपणहून येऊन बसायला लागल्या. शहरात गवगवा झाला, केसरीने धारेवर धरलं, आणि १८९३ मध्ये सल्लागार बाहेर पडले, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या.

ह्याला काय म्हणायचं? चर्चमध्ये ही गोष्ट सांगताना आपण छळ म्हणून मोकळे होतो. मला वाटतं केसरीची भाषा कितीही बोचरी असली तरी त्यातला एक प्रश्न खोटा नव्हता, तटस्थतेचा शब्द दिला होता आणि मुली प्रार्थनेला बसत होत्या, तर पालकाला धडकी भरणारच, आपली मुलगी असती तर आपणही गेलो असतो जाब विचारायला. आणि दुसरीकडे, स्वतःच्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करायची नाही असं कोणी बाईला सांगावं, हेही पटत नाही. रमाबाईंनी दार लावलं नाही. तेवढ्या भागाची किंमत त्यांनी नावासाठी मोजली असं मी म्हणेन, बाकीचा भाग दोन्ही बाजूंनी एकमेकांना नीट न समजल्याचा होता. (आणि हेही विसरू नका की रमाबाईंना बोल लावणारे फक्त पुण्यातले नव्हते, वाँटेजच्या मठातल्या सिस्टरलाही त्यांचे प्रश्न विचारणं आणि स्वतःच्या विवेकाने चालणं म्हणजे गर्व वाटायचा. घरच्या माणसांनी टोचलेलं कुठल्या खात्यात टाकायचं, हा प्रश्न वेगळाच.) पुढे त्यांनी केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना घेऊन आल्या. लोक काय म्हणतात ह्याचं उत्तर देत बसल्या नाहीत.

ना. वा. टिळकांच्या घरातलंही असंच. १८९५ मध्ये त्यांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला आणि घर दुभंगलं. लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत काही वर्षं वेगळ्या राहिल्या, त्यांचा बाप्तिस्मा झाला तो थेट १९०० मध्ये. टिळकांना जातभाईंनी टाकलं हे नावासाठीच होतं, ह्यात शंका नाही. पण लक्ष्मीबाईंनी जे सोसलं ते? त्यांनी तेव्हा कुठलंच नाव घेतलेलं नव्हतं, नवऱ्याच्या निर्णयाचं ओझं त्यांच्या वाट्याला आलं होतं. आपण साक्ष देताना फक्त टिळकांचं सोसणं मोजतो, बाईचं धरतच नाही.

आणि बायकांचा विषय निघालाच आहे तर हेही लिहून टाकते. क्रूस हा शब्द आपल्यात फार वाईट पद्धतीने वापरला जातो. नवरा पिऊन मारतो, बाई रडत चर्चच्या वडीलमंडळींकडे जाते, आणि तिला सांगतात, बाई, हा तुझा क्रूस आहे, उचल. अहो कसला क्रूस? तो ख्रिस्ताच्या नावासाठी मारत नाही, दारूसाठी मारतो. त्याचं पाप तिच्या खांद्यावर ठेवायचं आणि वर त्याला आज्ञापालन म्हणायचं. क्रूस उचलायचा तो ज्याचा त्याने, समजून उमजून, येशूच्या मागे जायचं म्हणून. मी एका बहिणीला ह्याच सल्ल्यापायी अकरा वर्षं घरात कुढताना पाहिलंय, शेवटी ती भावाबरोबर जाऊन पोलिसात तक्रार देऊन आली तेव्हा सल्ला देणारेच म्हणाले विश्वासात कमी पडली.

खऱ्या छळातसुद्धा गप्प बसून मार खाणं एवढाच मार्ग शास्त्रात नाही. फिलिप्पै शहरात प्रेषित पौल आणि त्याचा सोबती सीला ह्यांना चौकशी न करता फटके मारून तुरुंगात टाकलं, मध्यरात्री ते गीतं गात होते हे आपल्याला पाठ असतं. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला की सोडून द्या, तर पौल म्हणाला, आम्ही रोमन नागरिक आहोत, चारचौघांत मारलंत आणि आता गुपचूप घालवताय? त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावं. आणि ते आले! पुढे तर त्याने थेट कैसराकडे, म्हणजे रोमन सम्राटाकडे अपील केलं. आज कोणाच्या प्रार्थनेत खरंच घुसून मारहाण झाली तर वकील गाठणं, संविधानातलं धर्मस्वातंत्र्याचं कलम २५ दाखवणं, ह्यात अविश्वास कसला? पौलाने नागरिकत्व दाखवलं, आपण आधार कार्ड दाखवू. फक्त सूड नको, आणि पेत्राने तिसऱ्या अध्यायात सांगितलंय तसं, विचारलं तर उत्तर द्यायचं पण सौम्यतेने आणि आदराने.

तर हल्ली आमच्याकडे काही झालं की मी आधी सासूबाईंसारखी उलटतपासणी करते. लेखी तक्रार काय आहे ती शब्दशः वाचायची. त्यात खरं किती? हेच एखाद्या बिगरख्रिस्ती घराने केलं असतं तरी तक्रार झाली असती का? झाली असती तर प्रार्थनेची विनंती नंतर, आधी माफी. आणि आपण आपलं सगळं नीट केल्यावरही विरोध उरला, तर तो जो उरलाय त्याला मग छळ म्हणायला हरकत नाही.

मी त्या आठवड्यात काकांकडे गेले, सोबत भाऊही होता, मान खाली घालून. काकू दारातच म्हणाल्या, अहो आधी सांगायचं नाही का, आम्हाला वाटलं मुद्दाम करताय. काका काही बोलले नाहीत, चहा मात्र घ्यायला लावला. आता मीटिंग साडेनऊला संपते, स्पीकर काढून टाकला, गाड्या बाहेर रस्त्यावर लावतो. काकांनी तक्रार मागे घेतली, नाताळला करंज्या घेऊन गेले तर डबा रिकामा परत आला नाही, चिवडा भरून आला.

तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ मात्र अजून शुक्रवारी साडेसातला जिन्यात उभे असतात. आवाज नाही, गाडी नाही, तरी येणाऱ्या प्रत्येकाला विचारतात, कोणाकडे चाललात, नाव काय, पूर्वीचं नाव काय, किती पैसे मिळाले. परवा आमच्या मंडळीतली एक आजी, वय ऐंशीच्या पुढे, कठड्याला धरून चढत होती, तिलाही विचारलं. आजीने तिथेच थांबून श्वास घेतला, आपलं नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, येशूचं सांगितलं, आणि म्हणाली, पैशाचं म्हणशील तर बाबा रिक्षाचे साठ रुपये माझेच गेले, जरा हात दे वर चढायला. त्यांनी हात दिला नाही, बाजूला झाले. पुढच्या शुक्रवारी ते परत तिथेच होते, आजीही होती.